डोलकाठी उभारताना घ्यावयाची दक्षता

सीमाभागातून जोतिबाच्या चैत्री यात्रेस जाणारी सासनकाठी सर्वांच्या परिचयाची आहे. तिचा तोल केवळ पेलणाऱ्याच्या बळावर नव्हे, तर चोहोबाजूंनी ताणून धरलेल्या दोरांवर राहतो. गाडीवरून नेता येणाऱ्या लहान शिडाच्या होडीची डोलकाठीही याच तत्त्वावर उभी राहते.

प्रथम वर पाहावे. जवळपास किंवा पाण्याकडील वाटेवर विजेच्या तारा असल्यास तेथे काठी उभारू नये. अॅल्युमिनियमच्या काठीतून वीज वाहते व प्राणावर बेतते. नंतर गाडी सपाट जागी उभी करून चाकांना उटी लावावी. काठीचे टोक पिछाडीकडे ठेवून बुडखा खिळीने पक्का करावा आणि दोन्ही बाजूंचे तणावे आधीच अडकवावेत. एकाने मागून काठी उचलावी, दुसऱ्याने पुढील दोर ओढावा. पुढचा तणावा पक्का होईपर्यंत हात सोडू नये. काठीखाली कोणी थांबू नये. शेवटी सर्व तणावे सारखे ताणून प्रत्येक खिळी पुन्हा तपासावी.

खानापूर तालुक्यात उगम पावणाऱ्या म्हादईचे नाव धारण करणाऱ्या नौकेतून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशा कसलेल्या दर्यावर्दीच्याही दुसऱ्या नौकेची डोलकाठी २०१८ मध्ये हिंदी महासागरातील वादळात मोडली व ते जबर जखमी झाले. वादळ आपल्या हाती नसते. काठावरची तपासणी मात्र असते.

शिक्षकांनी वेळू व चार दोर घेऊन हा पाठ मैदानावर अवश्य दाखवावा. एक दोर सैल सोडताच काठी कलते, हे मुले स्वतः पाहतील.