भीती धावताना आली, तर धावतानाच



भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीचे गुण सांगितले आहेत. त्यांत सर्वांत पहिला शब्द 'अभय' हा आहे. दान, अहिंसा, सत्य हे सारे त्याच्या मागून येते. गेल्या हिवाळ्यात याच विषयावरच्या एका पाठाचा मी मराठी अनुवाद करत होते आणि नेमके त्याच दिवसांत भीतीपोटी पहाटे धावायला जाणे मी बंद केले होते. रात्री बसून 'निर्भयता' की 'अभय', कोणता शब्द अधिक योग्य याचा विचार करायचा, आणि पहाटे पाचचा गजर बंद करून पुन्हा पांघरुणात शिरायचे, असे पंधरा दिवस चालले. म्हणून या पाठात आपण अभयाचा मोठा विचार न करता एकाच लहानशा भयाकडे पाहणार आहोत: अंधारात एकट्याने धावण्याचे भय.

आम्ही वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहतो. जानेवारीत इथे सूर्य सव्वासातनंतर उगवतो आणि माझे कॉलेज साडेसातला सुरू होते. म्हणजे धावायचे तर अंधारातच. आधी दोन वर्षे माझी एक मैत्रीण सोबत असायची. आम्ही काळ्या घोड्यापर्यंत जायचो, कमाटीबागेत दोन फेऱ्या मारायचो आणि परत यायचो. अंधार तेव्हाही तेवढाच होता, पण तो कधी दिसला नाही. डिसेंबरात ती लग्न होऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी मी एकटी निघाले.

त्या दिवशी मी विश्वामित्रीच्या पुलापर्यंतसुद्धा पोहोचले नाही. मागून कोणीतरी येत होते. मी थांबले की तेही थांबायचे, मी पळाले की टक् टक् असा आवाज पुन्हा सुरू व्हायचा. मी इतक्या वेगाने घरी आले की तेवढा वेग स्पर्धेतही कधी लागला नव्हता. दारात बूट काढताना कळले की तो आवाज माझ्याच सैल नाडीच्या टोकाचा होता. आपल्याकडे म्हण आहे, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. माझा ब्रह्मराक्षस नाडीच्या टोकाएवढा निघाला. पण गंमत अशी, की खरे कारण कळल्यावरही दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. भीती खोटी होती हे समजले, तरी ती गेली नव्हती. दोरीला साप समजण्याचा दृष्टान्त आपण सर्वांनी ऐकलेला आहे; दिवा आणला की साप नाहीसा होतो. छातीतली धडधड मात्र दिवा आणल्यावरही बराच वेळ राहते, आणि आपला अभ्यास खरे तर तिथून सुरू होतो.

पाली साहित्यातील मज्झिम निकायात भयभेरव नावाचे चौथे सुत्त आहे. जाणुस्सोणि नावाचा एक ब्राह्मण बुद्धांना विचारतो, की अरण्यात एकांतात राहणे फार कठीण नाही का? बुद्ध आढेवेढे न घेता 'होय' म्हणतात आणि बोधी प्राप्त होण्यापूर्वीचा स्वतःचा अनुभव सांगतात. त्यांनी मुद्दाम चतुर्दशी, पंधरावी रात्र आणि अष्टमी या रात्री निवडल्या आणि लोक ज्यांना भितात अशा वनांतल्या, झाडांखालच्या चैत्यांजवळ जाऊन राहिले. तिथे एखादा मृग यायचा, एखादा मोर वाळकी काटकी मोडायचा, वारा पाचोळा हलवायचा, आणि मनात यायचे, 'हेच ते भय आले!' मग त्यांनी स्वतःला विचारले, की मी भयाची वाट बघत का राहावे? ज्या स्थितीत ते येईल त्याच स्थितीत त्याला का निपटू नये? त्याप्रमाणे चालत असताना भय आले तर ते गेल्याशिवाय ते थांबले नाहीत, बसले नाहीत, आडवे झाले नाहीत. उभे असताना आले तर उभ्यानेच, बसलेले असताना आले तर बसूनच, आडवे असताना आले तर आडवे राहूनच.

हे मी पूर्वी वाचलेले होते आणि एक सुंदर वर्णन म्हणून सोडून दिले होते. त्या पंधरवड्यात पुन्हा वाचताना मात्र लक्षात आले की यात अगदी व्यवहारी सूचना आहे. काटकी मोडली म्हणून बुद्धांनी स्वतःला 'भिऊ नकोस' असे बजावले नाही, किंवा 'तो मोर आहे' अशी समजूतही काढली नाही. त्यांनी फक्त आपली स्थिती बदलू दिली नाही. मी काय केले होते? भीती वाटली की वेग वाढवला. तोही गेला की थांबले. आणि शेवटी पांघरुणात शिरले. तिन्ही वेळा भीतीने सांगितले आणि मी स्थिती बदलली.

धावणाऱ्याच्या बाबतीत यात आणखी एक अडचण आहे, ती समजून घेऊ. भय वाटले की शरीरात अ‍ॅड्रिनलिन सुटते, हृदयाचे ठोके वाढतात, श्वास उथळ व जलद होतो, घाम येतो, पायांना पळायची घाई होते. आता नुसते धावतानाही काय होते? ठोके वाढतात, श्वास जलद होतो, घाम येतो, पाय पळतातच. म्हणजे भय आणि धावणे यांची शारीरिक लक्षणे बरीचशी सारखी आहेत. उजेडात मन म्हणते, 'मी व्यायाम करते आहे.' अंधारात तेच ठोके ऐकून मन म्हणते, 'मी कशापासून तरी पळते आहे.' मग आपण वेग वाढवतो, वेगाने ठोके वाढतात, आणि मनाला पुरावा मिळतो. हे चक्र तोडायची जागा एकच आहे आणि ती म्हणजे वेग. ठोके आपल्या हातात नाहीत, विचारही त्या क्षणी हातात नसतात, पाय मात्र असतात.

म्हणून मी ठरवले की भीती आली तर वेग वाढवायचा नाही आणि थांबायचेही नाही. ज्या वेगाने चालले आहे, त्याच वेगाने पुढच्या दिव्याच्या खांबापर्यंत जायचे. मागे वळून बघायचे असेल तर जरूर बघायचे, पण पाय तेच ठेवायचे.

ऐकायला सोपे वाटते. पहिल्या दिवशी मला ते दोन खांब जमले, तिसऱ्याला मी पळाले.

इथे गांधीजींच्या लहानपणीची गोष्ट उपयोगी पडते. आत्मकथेत त्यांनी आपल्या भित्रेपणाबद्दल काहीही लपवलेले नाही. चोर, भुते आणि साप यांची त्यांना भीती वाटे, रात्री घराबाहेर पडवत नसे, खोलीत दिवा असल्याशिवाय झोप येत नसे. कस्तुरबांना मात्र अंधाराचे काहीच वाटत नसे, आणि शेजारी झोपलेल्या पत्नीला हे सांगायचीही त्यांना लाज वाटे. मांसाहार केला की अंगात बळ येते आणि भीती जाते, असे एका मित्राने त्यांना पटवले होते. त्या नादी ते काही काळ लागलेही. याउलट रंभा नावाच्या त्यांच्या घरातल्या जुन्या दाईने भुताखेतांच्या भीतीवर रामनाम घ्यायला सांगितले. आपला विश्वास तिच्या उपायापेक्षा तिच्यावरच अधिक होता, आणि लहानपणी तो जप फार दिवस टिकलाही नाही, हे गांधीजी प्रांजळपणे लिहितात. पण तिने पेरलेले बी वाया गेले नाही, असेही ते म्हणतात.

नामाचा महिमा सांगण्याचा माझा अधिकार नाही. मी फक्त एक शारीरिक गोष्ट सांगते, जी मला धावताना सापडली. ओठांतल्या ओठांत का होईना, नाम उच्चारत धावता येत असेल तर आपला वेग ठीक आहे. उच्चार तुटू लागला, अक्षरे गिळली जाऊ लागली, की समजावे पाय घाबरले आहेत. व्यायाम शिकवणारेही हेच सांगतात, की सहज पल्ल्याच्या धावण्यात बोलता आले पाहिजे. तेव्हा नाम हा माझ्यासाठी वेगाचा काटा झाला. तुमच्या उपासनेत जे नाम, मंत्र किंवा प्रार्थना असेल ती चालेल. अट एवढीच, की ती पायांच्या तालावर बसावी आणि भीती येण्याआधीपासून चालू असावी. भीती आल्यावर सुरू केलेले नाम माझ्या बाबतीत तरी हाकेसारखे होते, त्याने घाई आणखी वाढते. (माझा भाऊ रात्री उशिरा बोळातून येताना मोठमोठ्याने गाणी का म्हणतो, हेही मला तेव्हाच कळले. तो कबूल करत नाही.)

आता आईचा मुद्दा. ती म्हणाली, "भीती घालवायची ते ठीक आहे गं, पण भीती वाटण्यासारखे काही बाहेर नाहीच, असे कोण म्हणते?" तिचे म्हणणे बरोबर आहे आणि अभयावरच्या अनेक प्रवचनांत ते राहून जाते. मुलीने एकटीने अंधारात धावणे आणि मुलाने धावणे यांत फरक आहे. रस्त्यावर भरधाव गाड्या आहेत, उघडी गटारे आहेत. आमच्याकडे तर विश्वामित्रीत खऱ्या मगरी आहेत. 2024 च्या ऑगस्टमधल्या पुरात त्या वस्त्यांमध्ये आल्या होत्या. वेदान्तातला दोरीचा साप आमच्या गावात ओंडक्याची मगर होतो, आणि क्वचित कधी तो ओंडका नसतोच!

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी, त्यामुळे मला हे हिशेबाच्या भाषेत पटले. व्यापारी वर्षाच्या शेवटी बुडीत व संशयित कर्जासाठी निधी बाजूला काढतो. काही ऋणको पैसे बुडवतील, हे धरून तो आधीच तरतूद करतो. पण म्हणून तो सगळीच येणी बुडाली असे लिहून टाकत नाही आणि दुकानही बंद करत नाही. सावधगिरी ही तरतूद आहे आणि ती घरातच, निघण्यापूर्वी करायची असते. मी एक लहान यादी केली. रस्ता ठरलेला आणि दिवे असलेला. नदीकडेची पायवाट वर्ज्य. परतायची वेळ आईला सांगितलेली, दहा मिनिटे उशीर झाला तर ती फोन करणार. कपडे फिकट रंगाचे, पाठीवर चमकणारी पट्टी. कानात गाणी नाहीत. रस्त्याच्या उजव्या कडेने धावायचे, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. आणि खरोखर काही संशयास्पद दिसले तर खांब वगैरे विसरून सरळ उजेडाकडे, माणसांकडे वळायचे. त्यात हार नाही. ही तरतूद झाल्यावर जी धडधड उरते, ती अभ्यासाची.

कुत्र्यांचा अपवाद वेगळा सांगायला हवा, कारण तिथे 'वेग बदलू नये' हा नियम चालत नाही. धावणाऱ्याच्या मागे लागणे हा कुत्र्याचा स्वभावच आहे. तो अंगावर आला तर थांबावे, त्याच्याकडे पाठ करू नये, डोळ्यांत रोखून पाहू नये, आणि सावकाश बाजूला व्हावे. दूर गेल्यावर पुन्हा आपल्या वेगाने. कोठीजवळच्या टोळीशी माझा आता एवढ्यावर समझोता आहे.

महाभारताच्या आदिपर्वातली अर्जुनाची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. रात्री जेवताना वाऱ्याने दिवा विझला, तरी हात घास घेऊन बरोबर तोंडाशी जात होता. सवयीने हाताला अंधारात वाट सापडते हे पाहून अर्जुनाने रात्री धनुष्याचा सराव सुरू केला. प्रत्यंचेचा आवाज ऐकून द्रोणाचार्य उठून आले आणि त्यांनी त्याला मिठी मारली. यात माझ्या कामाची गोष्ट ही, की तो हात आधी हजारो वेळा उजेडात तोंडाशी गेलेला होता. मी एक रविवार काढून तोच रस्ता दिवसा चालत गेले. कुठे फरशी उखडली आहे, कोणत्या वडाच्या पारंब्या रस्त्यावर येतात, कोणता दिवा बंद असतो, चहावाला किती वाजता शेगडी पेटवतो. पहाटे ज्या आकृतीला मी माणूस समजत होते, ते ताडपत्री बांधलेले फळांचे हातगाडे होते. डोळ्यांनाही वेळ द्यावा लागतो. अंधाराला पूर्ण सरावायला त्यांना वीस-तीस मिनिटे लागतात आणि मोबाइलच्या पडद्याकडे एकदा बघितले की बरीचशी मेहनत वाया जाते. म्हणून गजर बंद केल्यावर मी फोन पालथा ठेवते, खोलीतला मोठा दिवा न लावता बूट घालते, आणि नाड्या आत खोचते.

या आठवड्याचा स्वाध्याय असा घ्यावा. जे धावतात त्यांनी आपला रस्ता एकदा उजेडात चालून यावे आणि घरातल्यांबरोबर बसून तरतुदीची यादी लिहावी. मग सर्वांत कमी अंतराने सुरुवात करावी, दोन खांब पुरेत. परत आल्यावर वहीत एकच नोंद करावी: भीती कुठे आली आणि तेव्हा पायांनी काय केले. जे धावत नाहीत त्यांनी जिना, गच्ची, परसदार, जिथे दिवा लावल्याशिवाय पाऊल पडत नाही अशी घरातलीच एखादी जागा निवडावी आणि तिथून नेहमीच्या चालीने जाऊन यावे.

माझ्या वहीत आता एकेचाळीस नोंदी आहेत. त्यांतल्या सहा ठिकाणी 'पळाले' असे लिहिले आहे, शेवटचे गेल्या मंगळवारी, एका मांजरामुळे. कमाटीबागेच्या दोन फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या आहेत. नदीकडेच्या पायवाटेने मी अजून जात नाही. त्यात तरतूद किती आणि भय किती, ते मला अजून नीट वेगळे करता आलेले नाही. येत्या रविवारी दुपारी आईला घेऊन तिकडून एकदा चालून येणार आहे.