टेम्पो घ्यावा की न घ्यावा? भांडवल गुंतवणुकीचा एक धडा

हंगाम चांगला गेला आणि हाती पैसा शिल्लक राहिला की यंत्र, गाडी किंवा गाळा घ्यावा असे आपल्याला वाटू लागते. घेतल्यावर मात्र तो पैसा अडकतो. म्हणून दुकानात बसू लागलेल्या मुलांना हा हिशेब वहीत करून घ्यावा, यासाठी हा धडा देत आहोत. आकडे उदाहरणादाखल आहेत; प्रत्येकाने आपले घालावेत.

समजा, नारायणगावचा एक फळ-भाजी व्यापारी ४ लाखांचा जुना टेम्पो घेऊ पाहतो. टेम्पो ५ वर्षे चालेल आणि शेवटी १ लाखाला विकला जाईल.

पहिली पायरी : वर्षभराची खरी मिळकत

टोमॅटोच्या हंगामातील चार महिने डिझेल व ड्रायव्हरचा पगार जाता महिना ३०,००० सुटतात. एरवी मंचरच्या बाजारातील कांदा-बटाट्याची भाडी धरून महिना ५,००० सुटतात. म्हणजे १,२०,००० अधिक ४०,०००. त्यातून विमा, कर, टायर व दुरुस्तीचे ४०,००० वजा केले की वर्षाला १,२०,००० उरतात. भांडवल वसूल व्हायला ३ वर्षे ४ महिने लागतील. हंगामातला महिना बाराने गुणणाऱ्याला हेच भांडवल सव्वा वर्षात सुटलेले दिसते. बहुतेक फसगत येथेच होते.

दुसरी पायरी : भांडवल फुकट नसते

आपल्यापैकी अनेकजण व्याजाचे कर्ज टाळतात. पैसा घरचा किंवा भागीदाराचा असतो, म्हणून त्याला खर्च नाही असे समजले जाते. पण हेच ४ लाख मालात फिरवले असते तर नफा झाला असता. तो सोडून दिलेला नफा हाच भांडवलाचा खर्च. नफा-तोट्यात भागीदार असलेल्या नातेवाइकालाही हा हिशेब दाखवणे आपल्यावर बंधनकारक आहे.

समजा, दुकानात शंभराचे वर्षाने ११५ होतात. मग वर्षाने येणाऱ्या ११५ रुपयांची आजची किंमत १०० झाली. प्रत्येक वर्षासाठी १.१५ ने भागत गेल्यास, दरवर्षी एक रुपया याप्रमाणे ५ वर्षे येणाऱ्या रकमेची आजची किंमत ३ रुपये ३५ पैसे भरते आणि पाचव्या वर्षाअखेर येणाऱ्या एका रुपयाची सुमारे ५० पैसे.

आता १,२०,००० गुणिले ३.३५ म्हणजे ४,०२,०००. टेम्पोच्या विक्रीचे आजचे ५०,००० मिळवून ४,५२,०००. लावलेल्या ४ लाखांपेक्षा ५२,००० जास्त, म्हणून व्यवहार घेण्याजोगा.

तिसरी पायरी : वाईट वर्ष धरून पाहा

२०२३ च्या जुलैत टोमॅटोला विक्रमी भाव मिळाला आणि सप्टेंबरपर्यंत तो कोसळला. भाव पडला की शेतकरी तोडणी थांबवतो आणि भाडीही घटतात. हंगामात महिना २०,०००च सुटले, तर वर्षाला ८०,००० उरतात. पाच वर्षांचे ४ लाख, वर विक्रीचा १ लाख. वरवर लाखाचा फायदा दिसतो. आजच्या किमतीने मात्र २,६८,००० अधिक ५०,००० एवढेच होतात, म्हणजे ८२,००० चा तोटा. हंगामात महिना सुमारे २६,००० सुटणार असतील तरच टेम्पो घ्यावा. एरवी हंगामापुरता भाड्याने आणलेला बरा.

चौथी पायरी : गिऱ्हाईक किती वर्षे टिकेल?

जुन्नरचा हातकागद एकेकाळी नावाजलेला होता. येथील मुसलमान कागदी कुटुंबे तो बनवीत आणि मराठेशाहीच्या दप्तरांत तो वापरला जाई. कारागिरांच्या हातातले कसब कायम होते. पण गिरणीचा स्वस्त कागद आला आणि धंदा बसला. साधन दहा वर्षे चालेल, पण त्यावर होणाऱ्या मालाला पाचच वर्षे मागणी असेल, तर हिशेब पाच वर्षांचाच धरावा. सुतारकामाचे यंत्र, बेकरीची भट्टी, शिलाईची यंत्रे या सर्वांना हा नियम लागू आहे.

मुलांसाठी प्रश्न : हाच टेम्पो साडेतीन लाखांना मिळाला आणि बाकी सर्व आकडे तेच राहिले, तर हंगामात महिना किमान किती सुटले पाहिजेत? (उत्तर : सुमारे २२,४०० रुपये.) घासाघीस करून वाचवलेल्या ५०,००० नी हंगामाचा धोका किती हलका झाला, हे यावरून त्यांच्या ध्यानात येईल.