अण्णा त्याला दिसलेच नाहीत

अण्णांना पहाटे चालायला मीच पाठवलं. डॉक्टर म्हणाले साखर वाढलीय, मी बूट आणून दिले. इंदापूरकडचं आमचं गाव सोलापूर महामार्गाला खेटून आहे. अण्णा पाचलाच निघत. अंगात काळं स्वेटर, कानाला मफलर, आणि चाल कायम डाव्या कडेनं. डिसेंबरातल्या एका पहाटे उसाची बिघडलेली ट्रॉली कडेला उभी होती, मागे ना दिवा ना लाल पट्टी. तिला वळसा घालायला अण्णा डांबरावर उतरले. मागून आलेलं वाहन धडक देऊन थांबलंही नाही. माणसं जमली, पण पोलिसांची भानगड नको म्हणून कुणी हात लावेना. वीस मिनिटं ते तसेच पडून होते. दवाखाना गाठण्याआधीच गेले.

महिन्याभरानं मी शेतरस्त्यावर रात्री भाच्याला तेच काळं स्वेटर घालून उभं केलं आणि मित्राच्या गाडीत बसलो. दिवे डिपरवर. भाचा मला दिसला तेव्हा अंतर मोजलं: पस्तीस पावलं, म्हणजे २५ मीटरच्या आत. त्याला मात्र आमची गाडी पार वळणापासून दिसत होती. ताशी ८० किलोमीटरनं धावणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर कापते. ब्रेकवर पाय जाईपर्यंत सगळं संपलेलं असतं. आपल्याला दिवे दिसतात, म्हणून आपणही चालकाला दिसतोय असं आपण धरून चालतो. अण्णांनीही तेच धरलं असणार. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती.

म्हणून सांगतो, उजव्या कडेनं चाला, म्हणजे येणारं वाहन तोंडासमोर राहील. अंधारात पांढरा सदरा घाला, हातात पेटती बॅटरी ठेवा, पाठीवर चमकणारी पट्टी लावा. उभ्या वाहनाला वळसा घालण्याआधी थांबून पुढे-मागे बघाच. एसटीतून उतरलात तर तिच्या पुढून रस्ता ओलांडू नका, आधी ती जाऊ द्या.

आणि कुणी पडलेलं दिसलं तर १०८ ला फोन करा. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं आहे. मदत करणाऱ्यावर खटला होत नाही, त्याच्यावर नाव सांगायचीही सक्ती नाही. हे त्या पहाटे जमलेल्यांतल्या एकालाही माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. वाहन पळून गेलं आणि सापडलं नाही, तर मृताच्या वारसांना २ लाख रुपये मिळतात. १ एप्रिल २०२२ पासूनची ही रक्कम आहे, अर्ज प्रांत किंवा तहसील कचेरीत करायचा. आम्हाला हे फार उशिरा कळलं.

तुमच्या घरातलं कुणी पहाटे चालायला जात असेल, तर आज रात्रीच त्यांच्या स्वेटरचा रंग बघा.