पेढीवरील सर्व्हर : लिनक्सची निवड आणि बदल

आपल्या बहुतेक पेढ्यांवर आता कीर्द-खतावणी कागदी वहीत राहिलेली नाही. दिवाळीस वहीपूजनाला आपण कोरी वही मांडतो; परंतु खरा हिशेब सर्व्हर नावाच्या एका पेटीत असतो. वस्तू व सेवा कराच्या कायद्याप्रमाणे हा हिशेब त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवावा लागतो. तेव्हा त्या पेटीत काय चालते, याची थोडी माहिती धन्याला असणे अवश्य आहे. प्रस्तुत लेखक मॅट्रिकपर्यंत शिकलेला धान्याचा घाऊक व्यापारी असून संगणकशास्त्रात त्याचा काडीचाही अधिकार नाही. कोप्पीकर रोडवरील पेढी व अमरगोळचे गोदाम सांभाळताना जे शिकावे लागले, तेवढेच व्यापारी बंधूंपुढे ठेवीत आहे.

आमच्या गुमास्त्यांचे संगणक विंडोजचे आहेत. मधला सर्व्हर मात्र लिनक्सवर चालतो, आणि 'सांबा' नावाच्या प्रणालीने तो सर्वांस एकाच कपाटातील फायली दाखवितो. लिनक्सचा गाभा लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली प्रथम प्रसिद्ध केला. तो गाभा घेऊन निरनिराळ्या संस्था आपापला संच तयार करतात. गहू एकच, गिरण्या अनेक, असा हा प्रकार होय. रेड हॅट, सुसे, उबुंटू, डेबियन ही त्यांतील मोठी नावे.

यांतून निवड कशी करावी? कोणता संच दिसण्यास चांगला, कोणता नवा, हे प्रश्न पेढीच्या दृष्टीने गौण आहेत. या संचाच्या दुरुस्त्या कोणत्या तारखेपर्यंत मिळणार, हे मी प्रथम विचारतो. याचे कारण एका उदाहरणाने स्पष्ट होईल. २४ मे २०१७ रोजी सांबातील एक गंभीर दोष जाहीर झाला. परक्या माणसास दुरून सर्व्हरवर आपली आज्ञा चालविता येईल, असा तो दोष होता. ३.५ पासून पुढील सर्व आवृत्त्यांत तो होता, म्हणजे कित्येक वर्षे कोणाच्या लक्षात न येता तो तेथे बसून होता. ज्यांचा संच मुदतीत होता त्यांस दुरुस्ती मिळाली. परंतु सेंटओएस ५ या संचाची मुदत त्याच वर्षी ३१ मार्चला संपली होती. त्यावर अशी सांबा चालविणाऱ्यास दोन महिन्यांच्या आत उघड्या दारात बसावे लागले. यंत्र मात्र पूर्वीसारखेच चालू होते. मुदत संपली म्हणून सर्व्हर बंद पडत नाही, आणि म्हणूनच आपण गाफील राहतो.

मुदतीवर तरी डोळे मिटून विसंबावे काय? सेंटओएस हा रेड हॅटच्या विकाऊ संचाचीच विनामूल्य प्रतिकृती असल्याने छोट्या कचेऱ्यांत फार चालत असे. त्याची ८ वी आवृत्ती सप्टेंबर २०१९ मध्ये आली आणि ती २०२९ पर्यंत चालेल, असे सर्वांनी धरले. ८ डिसेंबर २०२० रोजी मात्र ती २०२१ च्या अखेरीस संपेल, असे जाहीर करण्यात आले. ज्यांनी उत्साहाने नवी आवृत्ती घेतली होती ते अडचणीत आले, आणि आमच्यासारखे ७ व्या आवृत्तीवर आळसाने बसलेले ३० जून २०२४ पर्यंत वाचले! यात आमचे शहाणपण काहीच नव्हते. फुकट मालास जामीन कोण, हे मात्र त्या दिवसापासून मी पाहू लागलो.

त्या पोकळीतून २०२१ मध्ये अल्मालिनक्स व रॉकी लिनक्स हे दोन विनामूल्य संच निघाले. दोघांच्याही ९ व्या आवृत्तीस ३१ मे २०३२ पर्यंत दुरुस्त्या मिळावयाच्या आहेत. ज्यांस लेखी करार व हाकेला माणूस पाहिजे, त्यांनी रेड हॅटची वार्षिक वर्गणी भरावी. तो पैसा वाया जातो असे मी म्हणणार नाही. उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते व तिला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. आम्ही अल्मालिनक्स ९ घेतले. कारण साधे आहे : आमच्या तंत्रज्ञास त्याच घराण्याची सवय आहे. रात्री आठ वाजता हुबळीत जो माणूस येऊ शकतो, त्याला जे येते ते उत्तम.

मे २०२५ मध्ये रेड हॅटची १० वी आवृत्ती निघाली आहे. ती घेण्यापूर्वी यंत्राचा प्रोसेसर तपासावा. इंटेलने २०१३ पासून आणलेल्या काही सूचना तिला लागतात, आणि नंतरच्या कित्येक स्वस्त प्रोसेसरांतही त्या नाहीत. अल्मालिनक्सने जुन्या यंत्रांसाठी १० व्या आवृत्तीची निराळी प्रतही ठेविली आहे.

आता प्रत्यक्ष बदलाविषयी. ७ वरून ९ वर एकदम उडी घेता येत नाही. आधी ८, मग ९. त्यासाठी साधने आहेत, परंतु एकच सर्व्हर असलेल्या पेढीने त्या भानगडीत पडू नये, असे माझे मत आहे. नवे यंत्र शेजारी मांडावे, त्यावर नवा संच कोरा बसवावा, हिशेब उतरवून घ्यावा आणि जुने यंत्र तसेच राहू द्यावे. आम्ही मे २०२४ मधील एका शनिवारी संध्याकाळी हे काम योजिले.

त्याआधी आठवडाभर मी तंत्रज्ञास म्हटले, "नक्कल आहे म्हणता, तर ती दुसऱ्या संगणकावर उतरवून दाखवा." धान्य घेताना पोत्यावरची चिठ्ठी वाचून कोणी पैसे मोजीत नाही, नमुना काढतो, तेवढ्याच बुद्धीने मी हे बोललो. बाहेरची डिस्क उघडली, तो शेवटची नक्कल आठ महिन्यांपूर्वीची! डिस्कची वायर केव्हातरी सैल झाली होती. रोज रात्री नक्कल होत होती खरी, पण डिस्क जोडलेली नसल्यामुळे ती त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरात, म्हणजे सर्व्हरच्या स्वतःच्याच पोटात, साठत होती. ते यंत्र जळाले असते तर हिशेब आणि नक्कल दोन्ही एकदम गेली असती. त्या रात्री मला झोप आली नाही. आता डिस्क जोडलेली नसेल तर नक्कल थांबते व दिवाणजींच्या फोनवर निरोप येतो. शिवाय दर तिमाहीस एक जुने बिल नकलेतून काढून मला दाखवावे लागते.

रविवारी दुपारपर्यंत सर्व सुरळीत झाले. फक्त गोदामातील काट्याजवळचा विंडोज एक्सपीचा संगणक नव्या सर्व्हरशी बोलेना. त्याला फायली मागण्याची एकच जुनी बोली येते, आणि ती असुरक्षित म्हणून सांबाने २०१९ पासून मुळातच बंद ठेविली आहे. ती पुन्हा उघडता येते, असे तंत्रज्ञ म्हणाला. एका जुनाट संगणकासाठी साऱ्या पेढीचे दार उघडे ठेवणे मला पटले नाही. सोमवारी नवा संगणक आणविला.

नव्या सर्व्हरच्या दर्शनी बाजूस दिवाणजींनी एक चिठ्ठी चिकटविली आहे. तिच्यावर ३१ मे २०३२ ही तारीख असून, खाली बारीक अक्षरांत, पुढील यंत्राची बोलणी २०३१ च्या एप्रिलात सुरू करावी, असे लिहिले आहे.