दूरचे वादळ

नांदेड जिल्ह्यातील मुदखेड हे गाव फुलशेतीसाठी प्रसिद्ध आहे. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर. समुद्रातील वादळाशी या गावाचा काय संबंध, असे कोणालाही वाटेल. परंतु २०२१ साली बंगालच्या उपसागरात उठलेल्या एका वादळाने तो संबंध साऱ्या मराठवाड्याला दाखवून दिला. त्या वादळाचे नाव होते 'गुलाब'!

उष्ण कटिबंधातील समुद्राचे पाणी तापले, म्हणजे त्यावरील बाष्पयुक्त हवा हलकी होऊन वर जाते. तेथील हवेचा दाब कमी होतो आणि सभोवतालची हवा तिकडे धाव घेते. पृथ्वीच्या परिवलनामुळे ती चक्राकार फिरू लागते. हेच चक्रीवादळ होय. जमिनीवर आल्यावर त्याला समुद्राची वाफ मिळत नाही. त्यामुळे वाऱ्याचा जोर ओसरतो. मात्र बरोबर आणलेले पाणी ते वाटेत रिते करीत जाते.

२६ सप्टेंबरच्या सायंकाळी 'गुलाब' आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यावर कलिंगपट्टणमजवळ येऊन धडकले. क्षीण होत होत ते पश्चिमेकडे सरकले आणि २७ व २८ तारखांना मराठवाड्यात मुसळधार पाऊस कोसळला. नद्यांना पूर आले. काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात बुडाले.

वादळ अडविणे माणसाच्या हाती नाही. त्याची चाहूल घेणे मात्र आहे. १८७५ साली स्थापन झालेले भारतीय हवामान खाते उपग्रह, रडार व वायुभारमापक यांच्या साहाय्याने वादळाचा मार्ग वर्तविते. पिवळा रंग 'लक्ष ठेवा', नारिंगी 'सज्ज राहा' आणि तांबडा 'तत्काळ कृती करा' असे सांगतो.

इशाऱ्याचे मोल ओडिशाने जाणले. १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे दगावली. पुढे किनाऱ्यावर निवारे बांधले गेले, लोकांना शिक्षण दिले गेले. २०१३ साली 'फायलिन' वादळ येण्यापूर्वीच लक्षावधी लोकांना सुरक्षित स्थळी हलविण्यात आले आणि मृतांची संख्या शंभराच्याही आत राहिली.

किनाऱ्यावरचे वादळ मराठवाड्यात पोहोचण्यास एखादा दिवस लागतो. तेवढ्या अवधीत कापलेले पीक झाकता येते, ओढ्याकाठची गुरे उंचावर नेता येतात, धरणातील पाणी बेताबेताने सोडता येते. पुलावरून पाणी वाहत असता तो ओलांडू नये आणि विजा चमकत असता झाडाखाली थांबू नये, हे तर मुलांनाही पाळता येते. तहान लागल्यावर विहीर खणणारा गाव तहानलेलाच राहतो. इशारा ऐकून वेळीच उठणारा गाव मात्र वादळातूनही तरून जातो.

स्वाध्याय
१. जमिनीवर आल्यावर चक्रीवादळाचा जोर का ओसरतो?
२. १९९९ व २०१३ या दोन वादळांच्या हानीत एवढे अंतर का पडले?
३. तुमच्या गावासाठी वादळापूर्वी करावयाच्या पाच कामांची यादी करा.