दिवस कधी संपवायचा ते तू ठरव

अगं, शाळेत शेवटची घंटा झाली की मुलं दप्तरं उचलतात, शिपाईकाका वर्गांना कुलपं लावतात आणि बाईंनाही निघावंच लागतं. घरून ऑनलाइन शिकवताना तुझ्यासाठी ती घंटा कुणी वाजवत नाही. म्हणून शेवटचा तास साडेचारला संपला तरी रात्री दहा वाजता ओट्यापाशी उभी राहून तू कुणाच्या तरी गृहपाठाचे फोटो मोठे करकरून तपासत असतेस. मुलांवर तुझा किती जीव आहे ते मला ठाऊक आहे. पण हे असंच चाललं तर आधी तू दमशील आणि मग तुझं शिकवणंही.

तेव्हा दिवस कधी संपतो हे तू ठरव आणि पालकांना सांगून टाक. नुसतं मनात ठरवून भागत नाही. ग्रुपवर स्वच्छ लिही, ‘सहानंतर आलेल्या प्रश्नांची उत्तरं दुसऱ्या दिवशी सकाळी देईन.’ सुरुवातीला काहीजण तरीही विचारतील. त्या वेळी धीर धर. साडेनऊला एकदा उत्तर दिलंस की साडेनऊ हीच तुझी वेळ होऊन बसते. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये फक्त ॲडमिनलाच मेसेज पाठवता येईल अशी सोय आहे, संध्याकाळी ती चालू कर. एखादं मूल खरंच अडचणीत असेल तर पालकांनी फोन करावा, एवढा एकच अपवाद ठेव.

तुला अपराधी वाटेल, म्हणून एक आठवण करून देते. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारच्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचना आल्या. पहिली ते आठवीला दिवसाला ३० ते ४५ मिनिटांचे दोनच ऑनलाइन तास आणि नववी ते बारावीला चार, असं त्यात सुचवलं होतं. पडद्यासमोर मुलं शिणतात म्हणून ही काळजी घेतली. मग एकामागून एक तुकड्या घेणाऱ्या बाईंचे डोळे शिणत नाहीत का? मुलांच्या वेळेचा विचार होतो, तसा तुझ्या वेळेचा तू कर.

हा शीण म्हणजे तुझा आळस नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची कारणं मांडली. सतत जवळून रोखलेल्या नजरा, दिवसभर स्वतःचाच चेहरा समोर, एका जागी जखडलेलं शरीर आणि हावभाव समजून घ्यायला डोक्यावर पडणारा जादा ताण. यावर उपाय साधे आहेत. स्वतःचा चेहरा दिसणारी चौकट लपव. दोन तासांच्या मधे दहा मिनिटं मोकळी ठेव, त्यात फोन न घेता गॅलरीत जाऊन लांबवर बघ. माइक असताना आपण उगाच ओरडून शिकवतो आणि घसा बसतो. हेडफोन लाव, नेहमीच्या आवाजात बोल, पाणी हाताशी ठेव.

आता घरचं. ‘तू घरीच तर आहेस’ या वाक्याने बाईमाणसाचा दिवस पार पोखरला जातो. तास चालू असताना कुकर कोण लावणार, बेल वाजली तर दार कोण उघडणार, हे घरात बसून ठरवा. तुझं वेळापत्रक फ्रिजवर चिकटव. सासूबाईंना प्रेमानेच सांग, पण सांग. कामाची जागाही एकच ठेव, पलंगावर लॅपटॉप नको.

कामाच्या वेळेबाहेर फोन-मेल न घेण्याचा हक्क मिळावा म्हणून सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं. म्हणजे ही मागणी तुझ्या एकटीची नाही. मात्र घरातली आणि ग्रुपवरची वेळ कुठल्याही कायद्याची वाट न बघता तुला आजच पाळता येईल.

आणि झोप उडाली, कारण नसताना रडू येऊ लागलं, लिंक उघडायचीच धास्ती वाटू लागली, तर अंगावर काढू नकोस. ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास लागतो आणि मराठीतही बोलता येतं. तिथे बोलण्यात कसलाही कमीपणा नाही.

पालकांसाठीचा तो मेसेज आज लिही आणि आधी मला पाठव. शब्द कडक वाटले तर आपण दोघी मिळून मऊ करू, पण सहाची वेळ मात्र हलवायची नाही.