विकास साहाय्याचे अर्थशास्त्र : तुवालूचा विश्वस्त निधी

परकीय विकास साहाय्याचे मूल्यमापन करताना सामान्यतः त्याच्या रकमेकडे लक्ष जाते. परंतु साहाय्य किती मिळाले याइतकेच ते कोणत्या स्वरूपात मिळाले आणि त्याच्या विनियोगाचा अधिकार कोणाकडे राहिला, हेही महत्त्वाचे असते. पॅसिफिक महासागरातील तुवालू या चिमुकल्या देशाचा अनुभव या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

अर्थव्यवस्थेचे स्वरूप

पूर्वी ‘एलिस बेटे’ या नावाने ओळखला जाणारा हा देश १ ऑक्टोबर १९७८ रोजी ब्रिटिश अमलातून स्वतंत्र झाला. नऊ बेटांचे एकूण भूक्षेत्र अवघे २६ चौ. कि.मी. असून लोकसंख्या सुमारे ११ हजार आहे. प्रवाळाची जमीन निकस आहे, नद्या नाहीत आणि पिण्याच्या पाण्यासाठी मुख्य भिस्त पावसावर आहे. बाजारपेठा दूर असल्याने वाहतूक खर्चिक ठरते. ऑस्ट्रेलियन डॉलर हेच चलन असल्यामुळे स्वतंत्र चलनविषयक धोरणालाही वाव नाही.

अशा अर्थव्यवस्थांसाठी बर्ट्रम आणि वॉटर्स या अभ्यासकांनी १९८५ मध्ये ‘मिराब’ ही संकल्पना मांडली. स्थलांतर, स्थलांतरितांनी घरी पाठविलेला पैसा, परकीय साहाय्य आणि शासकीय नोकऱ्या हे तिचे चार आधार होत. नौरूच्या फॉस्फेट खाणींत आणि परदेशी व्यापारी जहाजांवर काम करणारे तुवालूचे नागरिक हे त्याचे ठळक उदाहरण होते.

वार्षिक अनुदानाकडून निधीकडे

स्वातंत्र्यानंतर शासनाच्या चालू खर्चातील तूट ब्रिटनच्या वार्षिक अनुदानातून भरून काढली जात असे. ही पद्धत दोन्ही पक्षांना अडचणीची होती. देणाऱ्याच्या दृष्टीने या खर्चाला अंत नव्हता, तर घेणाऱ्याला दरवर्षी नव्याने हात पसरावा लागे. त्यामुळे दीर्घकालीन नियोजन अशक्य होई. यावर तोडगा म्हणून तुवालूच्या पुढाकाराने १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय कराराद्वारे ‘तुवालू विश्वस्त निधी’ स्थापन झाला. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व ब्रिटन यांचा त्यात प्रमुख वाटा होता. जपान, दक्षिण कोरिया आणि स्वतः तुवालू यांनीही रक्कम घातली. प्रारंभीचे भांडवल सुमारे २ कोटी ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर होते.

निधीचे कार्य

निधीची दोन खाती आहेत. ‘अ’ खात्यातील भांडवल परदेशांत गुंतविले जाते आणि महागाईचा विचार करून त्याचे वास्तव मूल्य टिकविले जाते. समजा, भांडवल १०० असून महागाई ३ टक्के आहे, तर वर्षअखेर ते किमान १०३ राहिले पाहिजे. बाजारमूल्य १०७ झाले, तर वरचे ४ ‘ब’ खात्यात जमा होतात आणि शासन गरजेनुसार त्यातून उचल करते. बाजार घसरलेल्या वर्षी वाटप होत नाही; त्या वेळी ‘ब’ खात्यातील शिल्लक उपयोगी पडते. भांडवलाला मात्र हात लावता येत नाही. संचालक मंडळावर देणगीदारांचे प्रतिनिधी असल्याने या शिस्तीला संस्थात्मक पाठबळ लाभले आहे. याच धर्तीवर १९९९ मध्ये बाहेरील बेटांच्या सामुदायिक विकासासाठी ‘फालेकौपुले विश्वस्त निधी’ उभारण्यात आला.

निधी असणे पुरेसे नसते, हे शेजारच्या नौरूने दाखवून दिले. तेथील फॉस्फेटच्या उत्पन्नाचा निधी चुकीच्या गुंतवणुकी व बेसुमार खर्च यांमुळे जवळजवळ नाहीसा झाला.

मर्यादा आणि नवी आव्हाने

निधीचे उत्पन्न बाजारावर अवलंबून असल्याने अनिश्चित असते. मासेमारी परवान्यांचे शुल्क आणि ‘डॉट टीव्ही’ या इंटरनेट नामप्रदेशाचे उत्पन्न हे त्याला पूरक ठरले आहेत. तथापि, या उत्पन्नातून एक विसंगतीही निर्माण झाली. दरडोई उत्पन्नाच्या निकषावर तुवालूला अल्पतम विकसित देशांच्या यादीतून वगळण्याची शिफारस २०१२ मध्ये झाली. परंतु आर्थिक व पर्यावरणीय असुरक्षितता तीव्र असल्याने तो निर्णय लांबणीवर पडला. सरासरी उत्पन्न आणि सुरक्षितता या भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

बेटांची उंची समुद्रसपाटीपासून पाच मीटरहून कमी आहे. २०१७ पासून हरित हवामान निधीच्या साहाय्याने किनारा संरक्षणाचे काम हाती घेण्यात आले आणि राजधानी फुनाफुती येथे भर घालून नवी जमीन तयार करण्यात आली. ऑगस्ट २०२४ मध्ये अमलात आलेल्या ‘फालेपिली’ करारानुसार दरवर्षी २८० तुवालू नागरिकांना ऑस्ट्रेलियात वास्तव्याची संधी मिळते. त्याच्या बदल्यात इतर देशांशी संरक्षणविषयक करार करण्यापूर्वी ऑस्ट्रेलियाची संमती घेणे तुवालूला आवश्यक झाले आहे. साहाय्याची किंमत नेहमीच पैशांत मोजता येत नाही, हे येथे दिसते.

भारताचा सहभाग

२०१४ मध्ये सुवा येथे भारत-पॅसिफिक द्वीपसमूह सहकार्य मंचाची पहिली बैठक झाली. तुवालूसह १४ बेट-देश त्याचे सदस्य आहेत. प्रत्येक देशाला दिले जाणारे वार्षिक अनुदान १.२५ लाखांवरून २ लाख अमेरिकी डॉलर करण्याची घोषणा तेव्हा भारताने केली.

निष्कर्ष

वार्षिक अनुदानामुळे चालू वर्षाची तूट भरून निघते. स्थायी निधीमुळे अंदाजपत्रकाची आखणी देशाच्या स्वतःच्या हाती येते. तुवालूला ही स्वायत्तता १९८७ च्या निधीने काही अंशी मिळवून दिली. मात्र, समुद्राच्या वाढत्या पातळीसमोर कोणताही निधी एकटा पुरा पडणार नाही. त्यासाठी मोठ्या राष्ट्रांनी उत्सर्जनात कपात करणे हेच तुवालूच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे साहाय्य ठरेल.